झाटोपेकच्या दोन पहिल्या शर्यती

गेल्या वर्षी आमच्या हाउसने क्रॉस कंट्री एका गुणाने गमावली. त्या सकाळी मी एमआय रूमच्या बाकावर बसलो होतो. गुडघा दुखतो असे मी सांगितले होते. खरे सांगायचे तर तो इतकाही दुखत नव्हता. आमच्याकडे नियम असा आहे की जो मुलगा ठरलेल्या वेळेत सहा किलोमीटर पूर्ण करतो, त्याच्या नावावर हाउसला एक गुण मिळतो. मी कसाबसा का होईना, वेळेत पोहोचलो असतो तर बरोबरी झाली असती. संध्याकाळी डॉर्मिटरीत मला कोणी काही बोलले नाही. कोणी रागावले असते तर बरे वाटले असते.

यंदा मराठी पानासाठी एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचे चरित्र लिहायचे ठरले, तेव्हा मी एमिल झाटोपेकचे नाव दिले. तो जगातला एक फार मोठा धावपटू होता, हे एक कारण. दुसरे कारण असे की, त्यानेसुद्धा आपली पहिली शर्यत चुकवण्यासाठी तब्येतीचे निमित्त सांगितले होते.

हे नाव मला योगायोगानेच सापडले. आमचे गाव कराड तालुक्यातले. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आमचे आबा ही गोष्ट दर सुट्टीत एकदा तरी सांगतात. पण घरापासून दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासावर असलेल्या या शाळेत माझ्या मित्रांना खाशाबांचे नाव माहीत नव्हते. त्यांना दाखवण्यासाठी मी लायब्ररीतले ऑलिंपिकचे जाड पुस्तक काढले आणि हेलसिंकीचे प्रकरण उघडले. तिथे एका धावपटूचा फोटो होता. मान एका खांद्यावर कलंडलेली, डोळे अर्धवट मिटलेले, जीभ बाहेर. पाहून वाटले की हा आता कोसळणार. खाली लिहिले होते की या माणसाने एकाच ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. मी खाशाबांचे पान मित्रांना दाखवले आणि पुस्तक डॉर्मिटरीत घेऊन आलो.

एमिल झाटोपेकचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी कोप्रिवनित्से या गावी झाला. ते गाव तेव्हा चेकोस्लोव्हाकियात होते, आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील सुतारकाम करत. घरात आठ मुले, त्यामुळे पैशाची ओढाताण ठरलेलीच. सोळाव्या वर्षी एमिल झ्लिन या शहरात बाटाच्या बुटांच्या कारखान्यात कामाला लागला. बाटा हे नाव आपल्या सगळ्यांच्या पायांना ओळखीचे आहे. पुष्कळ लोकांना ती भारतीय कंपनी वाटते, पण तिची सुरुवात १८९४ साली या झ्लिनमध्ये झाली. कारखान्यातली मुले वसतिगृहात राहत, दिवसा काम करत आणि संध्याकाळी शाळेत शिकत. म्हणजे घंटेवर उठणे, घंटेवर जेवणे आणि घंटेवर झोपणे त्यांच्याही वाट्याला होते.

एमिलला खेळाची आवड नव्हती. १९४१ साली झ्लिनच्या रस्त्यांवर १,४०० मीटरची एक शर्यत ठरली. तेव्हा देश जर्मनीच्या ताब्यात होता आणि महायुद्ध चालू होते. कारखान्याचे क्रीडाशिक्षक कडक स्वभावाचे होते. त्यांनी चार मुलांकडे बोट दाखवून त्यांना शर्यतीत उतरायला सांगितले. त्या चारांत एमिल होता. आपण अशक्त आहोत, धावणे आपल्याला झेपणार नाही, असे त्याने सांगून पाहिले. शिक्षकांनी त्याला तपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी तपासले आणि तो ठणठणीत असल्याचे सांगितले.

हा भाग वाचताना मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली. फरक एवढाच की, त्याचे निमित्त चालले नाही आणि माझे चालले.

नाइलाजाने एमिल धावायला उभा राहिला. पण शर्यत सुरू झाली आणि आपण जिंकावे असे त्याला वाटू लागले. सुमारे १०० मुलांत तो दुसरा आला. १८ वर्षांच्या एमिलने त्याआधी धावण्याचा कसलाही सराव केलेला नव्हता. त्या दिवसापासून त्याला धावण्याची गोडी लागली. तो तिथल्या क्लबात जाऊ लागला. तीनच वर्षांत, १९४४ साली, त्याने २,०००, ३,००० आणि ५,००० मीटरमध्ये आपल्या देशाचे विक्रम मोडले.

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये तो सैन्यात गेला आणि पुढे अधिकारी झाला. सैन्यात त्याला सरावासाठी मैदान मिळाले, शिस्त मिळाली आणि बूटही मिळाले. हे बूट म्हणजे जड, जाड तळव्यांचे सैनिकी बूट. तो ते घालून जंगलात धावायचा. पाऊस, बर्फ किंवा अंधार आहे म्हणून सराव चुकवायचा नाही. जड बूट घालून धावायची सवय झाली की शर्यतीचे हलके बूट पायात आहेत हे कळतही नाही, असा त्याचा हिशेब होता.

त्याचा सरावही इतरांपेक्षा वेगळा होता. त्या काळी लांब पल्ल्याचे बहुतेक धावपटू लांब अंतर संथपणे धावत. झाटोपेकचे म्हणणे असे की, हळू धावणे आपल्याला येतेच, शिकायचे आहे ते जोरात धावणे. म्हणून त्याने अंतराचे तुकडे केले. आधी २०० मीटर जोरात ५ वेळा, मग ४०० मीटर जोरात २० वेळा, शेवटी पुन्हा २०० मीटर ५ वेळा. मधे थांबायचे नाही, तेवढ्या वेळात हळू पळत दम खायचा. पुढच्या काळात तर तो ४०० मीटरच्या चाळीस आणि त्याहूनही जास्त फेऱ्या एका दिवसात मारू लागला. आज याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात आणि आपले पीटी उस्तादही ते करून घेतात. ही पद्धत पूर्णपणे त्याची नव्हती, पण इतक्या कठोरपणे ती त्याच्याआधी क्वचितच कोणी वापरली असेल.

त्याच्या सरावाच्या गोष्टी ऐकून लोकांना तो थोडा वेडा वाटायचा. कामावर जाताना रस्त्याकडेच्या पॉप्लरच्या झाडांमधून चालताना तो श्वास रोखून धरायचा. रोज एकेक झाड पुढे. एकदा इतका वेळ रोखला की बेशुद्ध पडला, असे सांगतात. हा प्रयोग आपण कोणीही करू नये. कपडे धुवायचे असले की टबात पाणी आणि साबण घालून तो त्यावर धावायचा, म्हणजे कपडेही धुऊन व्हायचे आणि पायांना व्यायामही.

एवढे करूनही तो पहिल्या मोठ्या स्पर्धेत लगेच जिंकला नाही. १९४६ साली ऑस्लो येथे युरोपीय स्पर्धेत तो ५,००० मीटरमध्ये पाचवा आला. पण वेळ होती १४ मिनिटे २५.८ सेकंद, त्याच्या देशाचा नवा विक्रम. पाचवा आलो म्हणून तो खट्टू झाला नाही. पुढचे चार कसे धावले हे पाहून तो परत आला आणि पुन्हा सरावाला लागला.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरची शर्यत होती. मैदानाच्या २५ फेऱ्या. त्याच्या प्रशिक्षकांनी ठरवले की दर फेरी ७१ सेकंदांत झाली पाहिजे. वेग ठीक असेल तर ते प्रेक्षकांतून पांढरा बनियन दाखवणार आणि कमी झाला तर लाल. सुरुवातीला झाटोपेक बराच मागे होता, पण बनियन पांढरा होता म्हणून तो शांत राहिला. मग लाल दिसला आणि त्याने वेग वाढवला. विश्वविक्रमवीर फिनलंडचा व्हिल्यो हेइनो मधेच शर्यत सोडून गेला. झाटोपेकने ती पाऊण मिनिटाहून जास्त फरकाने जिंकली. दुसरा आला फ्रान्सचा अ‍ॅलां मिमूं. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. ५,००० मीटरमध्ये मात्र झाटोपेकने शेवटचा जोर उशिरा लावला आणि बेल्जियमच्या गॅस्टन राइफकडून तो ०.२ सेकंदाने हरला.

त्याच वर्षी त्याने दाना इंग्रोव्हा या भालाफेकपटूशी लग्न केले. गंमत म्हणजे दोघांची जन्मतारीख एकच, साल सुद्धा एकच.

आता हेलसिंकी. २० जुलै १९५२ रोजी झाटोपेकने १०,००० मीटर जिंकले. २४ जुलैला ५,००० मीटर. त्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत तिघे जण त्याच्या पुढे गेले होते, पण शेवटच्या वळणावर त्याने तिघांनाही मागे टाकले. त्याच दुपारी थोड्याच वेळात दानाने भालाफेकीत सुवर्णपदक जिंकले. एका घरात एका दुपारी दोन सुवर्णपदके! आमच्या खाशाबांचे पदक आदल्या दिवशीचे, २३ जुलैचे. आबांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की आता ही गोष्ट सांगताना दोन्ही नावे घेतो.

एवढ्यावर कोणीही समाधान मानले असते. झाटोपेकने ठरवले की आता मॅरेथॉनही धावायची. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. तो त्याआधी आयुष्यात एकदाही मॅरेथॉन धावला नव्हता. म्हणजे दोन ताजी सुवर्णपदके असलेला हा माणूस २७ जुलैच्या सकाळी पुन्हा नवशिका झाला होता. झ्लिनच्या रस्त्यावर उभा होता तसाच.

पण नवशिक्याने काय करायचे, हे त्याला बरोबर माहीत होते. ज्याला येते त्याला विचारायचे. ब्रिटनचा जिम पीटर्स तेव्हा मॅरेथॉनमध्ये सर्वांत वेगवान होता. त्याने जूनमध्येच २ तास २० मिनिटे ४२ सेकंदांची जगातली सर्वोत्तम वेळ नोंदवली होती. झाटोपेकने पीटर्सचा क्रमांक शोधून ठेवला, शर्यतीआधी त्याच्याजवळ जाऊन स्वतःची ओळख करून दिली आणि त्याच्या मागोमाग धावायचे ठरवले. पीटर्सने सुरुवातच फार जोरात केली. काही किलोमीटरनंतर झाटोपेक त्याच्या बरोबरीला आला आणि हा वेग योग्य आहे का, असे त्याने अगदी साधेपणाने विचारले. पीटर्स थकला होता. समोरच्याला दमवावे म्हणून त्याने सांगितले की वेग फारच कमी आहे. झाटोपेकला ते खरे वाटले. तो वेग वाढवून पुढे निघून गेला. पीटर्सच्या पायात पुढे गोळे आले आणि त्याला शर्यत सोडावी लागली.

झाटोपेक एकटाच स्टेडियममध्ये शिरला तेव्हा सगळे स्टेडियम त्याच्या नावाचा घोष करत होते. वेळ होती २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंद. आधीचा ऑलिंपिक विक्रम त्याने सहा मिनिटांहून जास्त फरकाने मोडला. दुसरा धावपटू त्याच्यामागे अडीच मिनिटांनी आला. त्या आधीच जमैकाच्या रिले संघाने झाटोपेकला खांद्यावर उचलून घेतले होते. या तीन शर्यती एकाच ऑलिंपिकमध्ये आजवर दुसऱ्या कोणी जिंकलेल्या नाहीत.

हे प्रकरण मी दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनात माझ्या लक्षात आले की, तो चेहरा वेडावाकडा करून धावतो, हे मी पहिल्या फोटोतच पाहिले होते. पण ऑलिंपिक विजेता भर शर्यतीत दुसऱ्याला शंका विचारतो, हे मी कुठेच पाहिले नव्हते. मला मात्र वर्षभर कोणाला काही विचारायची लाज वाटली होती. मला धावता येत नाही, हे सगळ्यांना कळेल, ही भीती. ते सगळ्यांना माहीतच होते.

दुसऱ्या दिवशी मेसच्या रांगेत मी गेल्या वर्षीच्या विजेत्याला गाठले. तो दुसऱ्या हाउसचा, बारावीतला. सहा किलोमीटर कसे धावायचे, असे मी त्याला विचारले. त्याने पीटर्ससारखा डाव टाकला नाही. पहिला किलोमीटर इतका हळू धाव की शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, असे त्याने सांगितले. मला हातात सहा आठवडे होते. गेम्स संपल्यावर मी रोज मैदानावर थांबू लागलो. पहिल्या आठवड्यात २०० मीटर ५ वेळा, मधे चालणे. तिसऱ्या दिवशी नडग्या इतक्या दुखल्या की पुन्हा एमआय रूम आठवली. या वेळी खरेच दुखत होते, म्हणून मी उस्तादांना विचारले. त्यांनी दोन दिवस विश्रांती आणि नंतर डांबरी रस्ता सोडून गवतावर धावायला सांगितले. सहाव्या आठवड्यात मी ४०० मीटरच्या ८ फेऱ्या मारत होतो. झाटोपेक २० मारायचा. पण सहा आठवड्यांपूर्वी मला दोनही जमत नव्हत्या.

माझी शर्यत सांगण्याआधी झाटोपेकची उरलेली गोष्ट सांगतो, कारण ती हेलसिंकीत संपत नाही. १९५४ साली त्याने १०,००० मीटर २८ मिनिटे ५४.२ सेकंदांत पूर्ण केले. २९ मिनिटांच्या आत ते अंतर कापणारा तो पहिला माणूस. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकच्या आधी त्याच्यावर हर्नियाची शस्त्रक्रिया झाली, तरीही तो मॅरेथॉनला उतरला आणि सहावा आला. ती शर्यत अ‍ॅलां मिमूंने जिंकली. ऑलिंपिकमध्ये मिमूं तीन वेळा झाटोपेकच्या मागे दुसरा आला होता, आणि मेलबर्नची मॅरेथॉन त्याच्या आयुष्यातली पहिली मॅरेथॉन होती! विजयी मिमूं अंतिम रेषेजवळ आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याची वाट पाहत थांबला. दमलेल्या झाटोपेकला त्याने निकाल सांगितला. तेव्हा झाटोपेकने डोक्यावरची टोपी काढली, सावधान उभे राहून त्याला सॅल्यूट केला आणि मग मिठी मारली. सॅल्यूट कसा करायचा हे आपल्याला सहावीत शिकवतात. तो कोणाला करावासा वाटला पाहिजे, हे मला या प्रसंगातून कळले.

ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क याने पुढे कितीतरी विश्वविक्रम केले, पण ऑलिंपिकचे सुवर्ण त्याला कधी मिळाले नाही. तो प्रागला झाटोपेककडे आला होता. निघताना झाटोपेकने त्याच्या हातात एक लहानसे पुडके दिले. विमानात बसल्यावर क्लार्कने ते उघडले. आत झाटोपेकचे हेलसिंकीचे १०,००० मीटरचे सुवर्णपदक होते.

१९६८ साली सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रराष्ट्रांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. झाटोपेकने त्याविरुद्ध उघडपणे आवाज उठवला. त्याची शिक्षा म्हणून त्याला पक्षातून आणि सैन्यातून काढून टाकण्यात आले. देशाचा सर्वांत प्रसिद्ध खेळाडू कितीतरी वर्षे घरापासून दूर, जमिनीत भोके पाडणाऱ्या तुकडीत मजुरी करत राहिला. १९९० मध्ये नव्या सरकारने त्याच्यावरचा अन्याय मान्य करून त्याचा मान त्याला परत दिला. नोव्हेंबर २००० मध्ये प्राग येथे त्याचे निधन झाले. मी जन्मण्याच्या कितीतरी आधी.

आता माझी शर्यत. सकाळी धुके होते आणि हात गारठले होते. आम्ही १२४ जण होतो. बिगुल वाजताच सगळे सुसाट सुटले. मी मुद्दाम हळू राहिलो आणि शेजारच्या मुलाशी नाश्त्याला काय असेल यावर बोललो. पहिल्या किलोमीटरला माझ्यामागे जेमतेम दहा मुले होती. भीती वाटली, पण तो पांढरा बनियन आठवला. तीन किलोमीटरनंतर बरगडीखाली चमक निघू लागली. अजून २,८०० मीटर उरले होते. मी त्याचे ४०० मीटरचे सात तुकडे केले. सात फेऱ्या मला येत होत्या. दर तुकड्यात एक-दोन मुले मागे पडत गेली. शेवटच्या तुकड्यात माझा चेहरा कसा झाला होता, ते मित्रांनी नंतर नक्कल करून दाखवले.

वेळेची मर्यादा ३३ मिनिटांची होती. मी ३१ मिनिटे ४८ सेकंदांत ७१वा आलो. आमचे हाउस यंदा तीन गुणांनी हरले. पण त्या तीन गुणांत माझा गुण नव्हता.

पाणी पिऊन मी खोलीकडे निघणार होतो, तेवढ्यात वळणावर माझ्याच डॉर्मिटरीतला नववीचा मुलगा दिसला. त्याची ही पहिलीच शर्यत. चेहरा पांढराफटक, आणि घड्याळात जेमतेम एक मिनिट शिल्लक. मी अंतिम रेषेवर परत जाऊन त्याचे नाव घेऊन ओरडत राहिलो. तो १४ सेकंद राखून पोहोचला.

पुढच्या वर्षी जे पहिल्यांदा धावणार आहेत त्यांना एवढेच सांगतो. सुरुवात हळू करा. अंतराचे तुकडे करा. खरेच दुखले तर लपवू नका आणि दुखत नसेल तर सांगू नका. आणि जमत नसेल तर विचारा. पीटर्ससारखे कोणी भेटले, तरी फार तर तुम्ही जरा जास्त वेगाने धावाल.